नानांची दुसरी पळी

माई, सुमनआत्या, मंडळाचे अध्यक्ष, सचिवसाहेब आणि जमलेले सगळे,

मला भाषण येत नाही. लिहून आणलं आहे, ते वाचतो, अधेमधे सुचेल ते जोडतो. कागद उलटताना त्याचा आवाज माइकमध्ये येईल. तो पावसाचा नाही, माझा आहे.

जे मला ओळखत नाहीत त्यांना सांगतो. मी विनायक. आपल्या उज्जैनच्या टावर चौकातल्या बऱ्याच दुकानांच्या पाट्या मी रंगवल्या आहेत. आजकाल थंड पेयाच्या कंपन्यांच्या भिंती रंगवतो, त्याच जास्त मिळतात. नाना खरवंडीकरांच्या माधव नगरच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहतो. दहावीला दोनदा बसलो, दोनदा राहिलो. तरी नाना शिडीखाली उभे राहून माझी प्रत्येक पाटी वाचायचे आणि म्हणायचे, "विन्या, तुझी वेलांटी चुकत नाही. तेवढ्यावर तुझं निभेल."

ते नाना गेले. सकाळची पूजा आटोपून उठताना गेले. इथे त्यांचा फोटो ठेवला आहे, त्याला हार घातला आहे, आणि त्या फोटोसमोर मला उभं केलं आहे. मला भीती वाटते. नानांची नाही. तुमची.

का, ते सांगतो.

माझ्याआधी तिघे बोलले. तिघेही छान बोलले. नाना शिस्तीचे, नाना वक्तशीर, नानांनी रेल्वेत गार्ड म्हणून इतकी वर्षं काढली पण एकदाही गाडीला झेंडी दाखवायला उशीर केला नाही. सगळं खरं आहे. पण एक शब्द तिघांनीही गाळला. या हॉलमध्ये मी पुष्कळ शोकसभा ऐकल्या आहेत, खुर्च्या लावायला मीच असतो. गेलेल्या प्रत्येक माणसाला आपण इथे 'निर्व्यसनी' म्हणतो. तंबाखू गालात धरून गेलेल्यालाही म्हटलेलं मी ऐकलं आहे. मग नानांनाच का नाही म्हटलं? तिघांच्याही तोंडून तो शब्द एकाच वेळी कसा निसटला?

निसटला नाही. तिघांनीही तो गिळला. आणि खाली बसलेल्यांना ते कळलं. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं, ते मी ऐकलं.

तर जे कुणीच बोलत नाही ते मी बोलतो. माईंनी मला तसं सांगितलं आहे. काल माई म्हणाल्या, "मी बोलले तर लोक म्हणतील बायको नवऱ्याचं झाकते. तू बोल. लिहून घे, नीट तपासून घे, आणि वाच." म्हणून वाचतो.

नाना गेले त्या सकाळी तुमच्यापैकी बरेच जण धावत आलात. डॉक्टर आले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण तोवर दारात उभ्या असलेल्यांना देव्हाऱ्यामागे एक बाटली दिसली होती. काळपट हिरव्या काचेची, लांब मानेची, अर्ध्याहून कमी भरलेली. आत लाल. मग डॉक्टरांचं कोण ऐकतो? संध्याकाळपर्यंत सगळ्या फ्रीगंज वस्तीत झालं की नाना दारू पिऊन गेले. आणि तेही देवासमोर.

बाटली खरी आहे. मी नाही म्हणणार नाही. त्यात वाइन होती. द्राक्षांची, लाल. आणि ती नाना घेत होते, हेही खरं आहे.

झालं. आता सगळे जागे झालात. आता पुढचं ऐका.

ही वाइन कुठली? इथे पुढच्या रांगेत हिरव्या लुगड्यात बसल्या आहेत त्या सुमनआत्या. नानांच्या धाकट्या बहीण. नाशिककडच्या डोंगरात त्यांचं सासर आहे. खाली सपाटीवर खायची द्राक्षं, आणि वर टेकडीच्या उतारावर नुसता मुरूम. आत्या सांगायच्या, त्या उतारावर गवतसुद्धा लाजत उगवायचं. परदेशी माल देशात येऊ लागला त्या दिवसांत त्यांचा मुलगा कुठून तरी परदेशी काळ्या द्राक्षांच्या काड्या घेऊन आला आणि म्हणाला, ही वेल अशाच वाईट जमिनीत चांगली येते. गावाने वेड्यात काढलं. पहिलं पीक पाखरांनी खाल्लं. पुढचं पीक घरच्यांनीच उतरवलं, सासू, सून, नवरा, मुलगा, पहाटेच्या गारव्यात कात्रीने एकेक घड. नोकर ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून टाक्या सून घासायची. त्यातून जी वाइन झाली तिची एक बाटली घेऊन आत्या भाऊबीजेला उज्जैनला आल्या.

मी तिथे होतो. मला फराळाला बोलावलं होतं. आत्यांनी नानांना ओवाळलं. नानांनी साडी दिली. मग आत्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली आणि पाटासमोर ठेवली. म्हणाल्या, "दादा, आमच्या टेकडीची आहे. एक घोट घे आणि कशी झाली सांग."

नाना दर गणेशोत्सवात इथेच, याच व्यासपीठावरून, व्यसनमुक्तीवर बोलायचे. ते बाटलीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सुमे, मी रेल्वेचा माणूस. लाल दिसलं की थांबतो."

सगळे हसले. आत्या पण हसल्या. पण आत्या, तुम्ही ते ताट उचलताना निरांजन विझलं ना, तुमचा हात लागून, ते मी पाहिलं. नानांनी पण पाहिलं.

आत्या गेल्यावर बाटली घरात राहिली. आणि नानांची झोप उडाली. मला वर त्यांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. एक दिवस जिन्यात मला थांबवून म्हणाले, "विन्या, घरात ठेवता येत नाही, शोभत नाही. बहिणीने दिलेलं मोरीत ओतता येत नाही. दुसऱ्याला दिली तर त्याला व्यसन लावल्याचं पाप मला. सांग आता."

मी घाबरतो. मला तर तेव्हा हाच प्रश्न पडला होता की दुसऱ्या राज्यातून अशी बाटली आणलेली चालते का. इथे आबकारीतले कोणी बसले असतील तर त्यांनी हा भाग ऐकला नाही असं समजावं.

मग नानाच म्हणाले, "या गावात एकच जागा आहे जिथे ही वस्तू उजळ माथ्याने नेता येते."

कुठली ते उज्जैनच्या माणसाला सांगायला नको. आत्यांसाठी सांगतो, इथल्या कालभैरवाला दारूचाच भोग चढतो. दुपारी, गर्दी नसताना, माझ्या स्कूटरवर मागे बसून, वायरच्या पिशवीत बाटली मांडीवर घेऊन नाना कालभैरवाला निघाले. तुमच्यापैकी कोणीतरी ते पाहिलं. पुलावर पाहिलं. मला नाव माहीत आहे, मी घेणार नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मला विचारलं गेलं, "क्यों भिया, नाना थैली में क्या ले जा रहे थे? खनखन हो रही थी." मी म्हटलं, तेल. एकच बाटली खणखणत नाही, हे मला नंतर सुचलं. म्हणजे त्यांनी आवाज ऐकला नव्हता. त्यांनी अंदाज केला होता.

देवळाबाहेर भोगाच्या टोपल्या विकणाऱ्या बाईने पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बाबूजी, अपना माल लाए हो? हमारे में क्या खराबी है?" नाना लाल झाले. आत गेलो. पुजाऱ्यांनी बाटली हातात घेतली, फिरवली आणि विचारलं, "इसका ढक्कन किधर है?"

ढक्कन नव्हतंच. बूच होतं, खोल आत ठोकलेलं. तिथे रोज इतक्या बाटल्या उघडतात, पण बुचाची कोणाला सवय नव्हती. मागे लोक थांबलेले. पुजारी म्हणाले, "भैया, बाबा को इंतजार मत कराओ." शेवटी मी माझ्या थैलीतून पाटी ठोकायचा स्क्रू काढला, बुचात फिरवला, पक्कडीने धरून ओढला. फटकन आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. वासही आला. दारूचा वास मला ठाऊक आहे, आमच्या गल्लीत येतो. हा तसा नव्हता. पिकलेली जांभळं ओल्या मडक्यात ठेवली तर येईल तसा काहीतरी.

पुजाऱ्यांनी बशीत ओतली, बाबांच्या ओठांना लावली. बशी रिकामी झाली. कशी झाली ते मला विचारू नका. मी संशयी माणूस आहे, जवळ जाऊन पाहिलं, आणि तरी सांगता येत नाही. मी पाहिलं ते एवढंच, की नाना हात जोडून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. सुटलो, असं.

आणि तेवढ्यात पुजाऱ्यांनी उरलेली अर्धी बाटली त्यांच्या हातात परत दिली. "लो बाबूजी, प्रसाद."

नानांचं तोंड पाहायला हवं होतं. मंडळी, इतकी वर्षं या गावात काढली, पाहुण्यांना घेऊन कितीदा त्या देवळात गेले असतील, पण नेहमी नारळ घेऊन. नारळ वाहिला की अर्धा परत मिळतो हे त्यांना ठाऊक होतं. बाटली वाहिली की अर्धी परत मिळते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं देव सगळी ठेवून घेईल.

ते म्हणाले, "पंडितजी, पूरी चढा दीजिए ना."

पंडितजी म्हणाले, "बाबा ने अपना हिस्सा ले लिया. अब ये आपका हिस्सा. प्रसाद से मना नहीं करते बाबूजी. और नाली में मत डालना."

परतताना स्कूटरवर नानांनी बाटली दोन्ही हातांनी धरली होती. नेताना ती नुसती बाटली होती. परत आणताना तो प्रसाद झाला होता. आता ती फेकण्याची सोयच उरली नव्हती. माधव नगरला उतरल्यावर मला म्हणाले, "विन्या, गेलो होतो सोडवायला. बांधून आलो."

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर नानांनी तीर्थाची चांदीची पळी घेतली, बाटलीतून पळीभर ओतली, डोळे मिटले आणि घेतली. माझ्या जिन्याच्या खिडकीतून देव्हारा दिसतो. मी मुद्दाम पाहत नव्हतो. बरं, मुद्दाम पाहत होतो. ते तोंड वाकडं करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी केलं नाही. ते थोडा वेळ तसेच बसून राहिले, कोणीतरी दुसऱ्या खोलीतून हाक मारली की माणूस ऐकतो तसे.

मग रोज पूजेनंतर एक पळी, बाटली संपेपर्यंत. चुकलो. रोज नाही. ताप होता तेव्हा घेतली नाही. मी नीट सांगायचं ठरवलं आहे.

दर भाऊबीजेला आत्या यायच्या, बाटली आणायच्या, ती आम्ही नंतर तशीच कालभैरवाला नेऊन आणायचो, आणि दर वेळी त्या विचारायच्या, "मागची घेतलीस का रे दादा?" नाना म्हणायचे, "संपली." एवढंच. खोटं नव्हतं. पण त्या एका शब्दाने इकडे तिकडे केवढं काय झालं ते पाहा.

आत्यांना वाटलं, मोरीत ओतून संपवली.

आणि गावाला वाटलं, पिऊन संपवली.

गावाला कसं कळलं? रद्दीवाला. रिकाम्या बाटल्या माई रद्दीत देत. तो तुमच्या सगळ्यांच्या दारात जातो. मलाच म्हणाला, "भिया, तुम्हारे नाना तो शौकीन निकले. लाल वाली पीते हैं, बड़े लोगों वाली." मी म्हटलं, ती औषधाची आहे. तो हसला. "हौ, सबकी दवाई ही होती है."

मग एका वर्षी गणेशोत्सवाच्या आधी सचिवसाहेब घरी आले. सचिवसाहेब, राग मानू नका, मी जिन्यात होतो. तुम्ही म्हणालात, "नाना, यंदा व्यसनमुक्तीच्या व्याख्यानाऐवजी प्रश्नमंजूषा ठेवू या का? मुलांना आवडते." नानांनी तुमच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. गार्डला मागचा डबा सुटलेला कळतो. ते म्हणाले, "ठेवा की. बक्षिसं मी आणतो." आणि त्यांनी आणली. कंपास पेट्या होत्या, तुमच्या मुलांकडे असतील अजून. त्यानंतर व्याख्यान पुन्हा झालं नाही.

मी भांडलो नानांशी. म्हटलं, सांगून टाका ना, प्रसाद आहे म्हणून. ते म्हणाले, "म्हणजे लोक म्हणतील, आता देवाच्या आडून पितो. आहे ते बरं आहे."

मग मी म्हटलं, निदान आत्यांना तरी सांगा. तर म्हणाले, "सांगितलं तर पुढच्या वर्षी पेटी आणेल. तुला माहीत नाही ती. लहानपणी एकदा मी म्हटलं चिंच गोड आहे, तर हिने झाड हलवून अख्ख्या गल्लीला चिंचा वाटल्या. आणि शिवाय, मी सगळ्यांसमोर नाही म्हटलं होतं विन्या. थोरल्या भावाने सगळ्यांसमोर नाही म्हटलं की हो म्हणायला जागा राहत नाही."

आता मुद्द्यावर येतो. काल संध्याकाळी आत्या जिन्यात आल्या. मी ब्रश धूत होतो. मला म्हणाल्या, "विनायक, तू वर राहतोस. तुला खाली दिसतं. दादा माझी बाटली ओतून द्यायचा ना? खरं सांग. मी रडणार नाही. उद्या रात्रीची गाडी आहे माझी, तिथे गेले की मला घरच्यांना काहीतरी सांगावं लागेल. सून दरवर्षी विचारते, मामांना आवडली का. मला फक्त एवढं कळू दे. त्याने ती चाखली का?"

मी ब्रश धूत राहिलो. कारण खाली फाटकाशी तुमच्यापैकी दोघे उभे होते, आणि त्यांनी सकाळीच मला विचारलं होतं, "नाना प्यायचे ना रे? आता काय लपवायचं?"

प्रश्न एकच आहे, मंडळी. आत्यांना मी हो म्हटलं की तुम्हालाही हो म्हटल्यासारखं होतं. तुम्हाला नाही म्हटलं की आत्या रात्रीच्या गाडीने तेवढं 'नाही' घेऊन परत जातात. रात्रभर मी विचार केला. तुमच्या डोळ्यांत नानांचं नाव राहावं, की आत्यांच्या मनात नाना राहावेत?

आत्या, हो. चाखली. प्रत्येक वर्षीची चाखली.

तुमचा विश्वास बसणार नाही, ठाऊक आहे. शोकसभेत लोक चांगलं तेच सांगतात, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं असतं. म्हणून पुरावा देतो.

नाना ती वाइन म्हणायचे नाहीत. 'सुमीचं' म्हणायचे. पहिल्या दिवशी म्हणायचे, सुमीचं आज बंद बंद लागतंय, रुसल्यासारखं. दोन दिवसांनी म्हणायचे, आज बोललं. मिरीसारखं काहीतरी होतं बघ, आणि मागे हिरड्यासारखा तुरटपणा, पण टोचणारा नाही, जिभेला सावरून धरणारा. पळी खिडकीच्या उजेडात धरायचे. एकदा मला हाक मारून दाखवली. कडेला कोकमासारखा रंग, मधे जवळजवळ काळा. म्हणाले, "त्या मुरमातून हे निघालं, विन्या. तसल्याच मुरमात मी लहानपणी गुडघे फोडून घेतले आहेत."

मग हळूहळू ती आंबायची. उघडलेली बाटली टिकत नाही, हे आत्या तुम्ही जाणता, नानांना कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी शेवटी नुसता शिरका उरायचा. मला वास वरपर्यंत यायचा. मी म्हणायचो, नाना आता सोडा. ते म्हणायचे, "सुरुवातीला गोड मानून घेतलं, आता आंबट झालं म्हणून टाकू?" आणि घ्यायचे. दारुड्या माणूस असं करतो का? मी विचारतो तुम्हाला. दारुड्या पळीने पितो का? आंबलेली, महिनाभर, देवासमोर मांडी घालून?

आणखी एक. एका वर्षी पहिलीच पळी घेतली आणि नाना म्हणाले, "यंदाचं पातळ आहे. दाणा भरायच्या वेळी अवकाळी पाऊस झाला असणार. सुमी बोलली नाही, पण पाणी लागतंय." मी हसलो. म्हटलं, पळीभरात पाऊस कळतो का नाना? ते म्हणाले, "रुळाला कान लावला की लांबची गाडी कळते. ऐकायची सवय लागते."

आत्या, मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारतो. माफ करा. तुम्ही बाटलीबरोबर बेदाण्याची पुडी आणली होती, ते वर्ष. त्या बाटलीच्या हंगामात अवकाळी पाऊस झाला होता का?

त्यांनी मान हलवली. सगळ्यांनी पाहिलं ना? मागच्या रांगेने पाहिलं?

तुम्ही नानांना ते सांगितलं होतं का?

नाही म्हणतात.

मग त्यांना कोणी सांगितलं, मंडळी? मोरीने?

आत्या, तुम्ही रडणार नाही म्हणाला होतात. असू द्या.

आता थोडंच उरलं आहे. आणि हे सांगावं की नाही, याची मला सकाळपासून काळजी आहे. कागदावर लिहिलं होतं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

मी संशयी आहे हे तुम्हाला एव्हाना कळलं. तर माझा नानांवरही एक संशय आहे. प्रसाद टाकता येत नाही, कबूल. पण नाना रोज रामघाटावर फिरायला जायचे. एखाद्या सकाळी बाटली सोबत नेऊन क्षिप्रेत सोडली असती तर कोणत्या शास्त्रीबुवांनी अडवलं असतं? देवाचं किती काय आपण त्या नदीला देतो. नाना हुशार होते. त्यांना सुचलं नसेल? त्यांना सुचलं होतं, असा माझा संशय आहे. आणि एकादशीला साबुदाण्यातली मिरची उपासाला चालते का हे विचारणारे नाना एकादशीलाही पळी घ्यायचे. मी म्हटलं तर म्हणाले, "तीर्थाला उपास लागत नाही."

आणि एकदा मी पाहिलं. याच वर्षीची बाटली, भाऊबीजेनंतर थोड्याच दिवसांत. पूजा झाली. नानांनी पळी घेतली. डोळे मिटले, थोडा वेळ बसले. मग डोळे उघडून दाराकडे पाहिलं, माई स्वयंपाकघरात आहेत ना ते पाहिलं, आणि पुन्हा बाटली उचलली. दुसरी पळी ओतली. ही त्यांनी देवाकडे तोंड करून घेतली नाही. खिडकीकडे तोंड करून, अगदी सावकाश, थोडी थोडी घेतली.

मी जिन्यातून म्हटलं, "नाना, ही कशाची?"

ते दचकले. म्हणाले, "पहिली सांडली."

मी खाली उतरून आलो. फरशी पाहिली. मी पाट्या रंगवतो, थेंब कुठे पडतो ते मला लगेच दिसतं. मी परत वर गेलो.

तर पहिली पळी प्रसादाची होती. ती देवाची. दुसरी कोणाची होती, ते आत्या, मी सांगायला नको. घरी गेल्यावर सुनेला सांगा. मामांना आवडली, असं सांगा.

देव्हाऱ्यामागे अजून थोडी आहे. आंबली असणार. गाडीला निघण्याआधी माई तुम्हाला त्यातली एक पळी देणार आहेत, नानांच्याच पळीने. आंबट लागेल. तोंड वाकडं करू नका, नाना करायचे नाहीत.

आणि बाकीच्यांना माझी एकच विनंती. पुढच्या गणेशोत्सवात तो गिळलेला 'निर्व्यसनी' शब्द परत आणा. तिघांपैकी कोणीही म्हणा. नाही म्हटलात तर मी पाटी रंगवून याच हॉलच्या दारावर लावीन, आणि माझी वेलांटी चुकत नाही.

आता सगळ्यांनी उभं राहावं. खुर्च्यांचा आवाज करू नये, त्या जुन्या आहेत. मी हात खाली घेईपर्यंत आपण गप्प उभे राहू. ज्यांनी नानांना पुलावर पाहिलं होतं त्यांनीही.

नाना, हा माझा शेवटचा नमस्कार. रागावू नका, पण फरशी कोरडी होती.